सासुरवाडीच्या पांदीत फोर बाय फोर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधेच हसलात, चहाचा ठसका लागला, तर मी जबाबदार नाही! आणि हो, गावाचं नाव विचारायचं नाही. सेनगाव तालुक्यातलं आहे, एवढ्यावर भागवा. ती माझी सासुरवाडी आहे आणि मला तिथं अजून दिवाळीला जायचं आहे.

माणूस एका सणापायी एक चूक करतो. फार तर दोन. मी तीन केल्या, आणि तिन्ही अख्ख्या गावासमोर, वाजंत्री लावून निस्तरल्या.

तर मी हिंगोलीत ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवतो. शेती आमच्या घरात फक्त सातबाऱ्यावर. वडील कचेरीत कारकून, मी मास्तर. बैलाचा आणि आमचा संबंध म्हणजे पोळ्याला मातीची जोडी आणायची, पाटावर पुजायची, आणि पुरणपोळी आपणच खायची. अशा माणसाला चाळिसाव्या वर्षी काय सुचावं? जीप घ्यावी! तीसुद्धा फोर बाय फोर! एका म्हाताऱ्या कंत्राटदाराच्या दारात ती उभी होती, पिवळीधमक. बघितली आणि मी गेलोच.

बायको म्हणाली, "अहो, कॉलेज घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. चारी चाकांना काहून तकलीफ?"

"वर्षा, ती गाडी नाही, ती वृत्ती आहे!" मी म्हणालो.

"मग वृत्ती दारात लावू नका. तुळशीला ऊन लागत नाही," ती म्हणाली.

अशा वृत्तीच्या लोकांचा नांदेडला एक क्लब आहे. नाव 'चिखलवीर'. सुट्टी आली की हे लोक जीपा काढतात, कुठल्यातरी माळावर तंबू ठोकतात, आणि चांगला रस्ता सोडून मुद्दाम खड्ड्यात जातात. माझ्या सासऱ्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. मग म्हणाले, "आमी वावराचा रस्ता करा म्हनून अर्जावर अर्ज देऊन राहिलो, अन् हे लोक पेट्रोल जाळून खड्डे हुडकून राहिले?"

आता त्यांना वृत्ती कशी समजावणार?

क्लबचे अध्यक्ष डॉक्टर रत्नपारखी. दातांचे डॉक्टर. अतिशय मऊ माणूस. दाढ उपटतानासुद्धा "थोडंसंच हं, अगदी थोडंसं" म्हणतात, आणि तोवर दाढ त्यांच्या चिमट्यात असते. तर डॉक्टरांनी ग्रुपवर टाकलं, "शुक्रवार पोळा, पुढे शनिवार-रविवार. कॅम्प कुठं करायचा?"

कोणी काही लिहायच्या आत मी लिहून मोकळा! "माझ्या सासुरवाडीला! माळ आहे, पाझर तलाव आहे, चिखल तर विचारू नका. आणि पोळा दाखवतो सगळ्यांना, अगदी समोरून!"

डॉक्टरांनी विचारलं, "आणि गाडी अडकली तर?"

मी लिहिलं, "डॉक्टर, पोळ्याला गावात शंभर बैल असतात. अडकली तर एक जोडी लावली की काम झालं!"

झाली की नाही पहिली चूक? ज्यांच्या घरी बैल आहेत ते आत्ताच कपाळाला हात लावून बसले असतील. बाकीच्यांनी थोडं थांबा.

आता मामांबद्दल सांगतो. मामा म्हणजे माझे सासरे, दत्तराव. वय सत्तर. बोलणं कमी, शेती चोख. त्या गावात पोळ्याची एक रीत आहे. पांदण गावात शिरते तिथं वेशीवर आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. पांदण म्हणजे वावरातून गावाकडं येणारी बैलगाडीची वाट. सगळे बैल आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्याजवळ, सजवून त्या वाटेनं आणायचे, आणि सगळ्यात पुढं मानाचा बैल. त्यानं तोरण तोडलं, की पोळा फुटला! मग वाजंत्री वाजते, बाकीचे बैल गावात शिरतात. मानाच्या बैलाला वाजतगाजत घरी नेऊन सगळ्यांच्या आधी पुजतात.

हा मान भावकीतल्या अकरा घरांत फिरतो. दर वर्षी एक घर. म्हणजे एका घराची पाळी अकरा वर्षांनी. आणि यंदा पाळी होती मामांची!

त्यांनी हौशाला वर्षभर तयार केलं होतं. हौशा म्हणजे त्यांचा लालकंधारी बैल, तांबडाभडक, आणि चाल अशी की नवरदेवानं शिकून घ्यावी. मी महिनाभर आधी गेलो तेव्हा मामा त्याला कणकेचे गोळे चारत होते. मला म्हणाले, "जावईबापू, पुढच्या पाळीला मी एक्क्यांशी वर्साचा. मी असंनबी एकांद्या वेळेस, पर पाय असतीन का? यंदा हौशाला तोरनाखाली मीच नेनार. मंग आपलं काही म्हननं न्हाई."

एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं. आणि निघताना त्यांनी आणखी एक सांगितलं, "तुमचे दोस्त येऊन राहिले तर येऊ द्या. माळावर काय गाड्या फिरवायच्या त्या फिरवा. पर त्या दिशी पांदीत गाडी घालू नका. पांद बैलाची हाय."

मी मान डोलावली. जावयाची मान ती, डोलावण्यासाठीच असते.

पोळ्याच्या दिवशी सकाळीच चिखलवीर हजर! माझी धरून पाच जीपा. कोणाच्या टपावर तंबू, कोणाच्या पुढं लोखंडी दोर गुंडाळायचं विंच, एकाच्या जीपला तर पाण्यातून जाताना श्वास घ्यायला हत्तीच्या सोंडेसारखं नळकांडं. प्रत्येकाच्या छातीवर वॉकी-टॉकी. वीस पावलांवरच्या माणसाला हाक मारायची नाही, त्यावर बोलायचं. "चहा झाला का, ओव्हर." "साखर कमी आहे, ओव्हर." माळावर तंबू उभे राहिले, गुरं राखणारे लोक काठीवर हनुवटी टेकून बघत बसले. मला तर गगन ठेंगणं झालं होतं.

दिवसभर बाकीचे चौघं तलावाच्या काठच्या गाळात जीपा घालत होते आणि काढत होते. मी मात्र माळावरच्या मुरमावरच फिरत होतो. म्हटलं, यजमान आहोत, उगाच कपडे कशाला खराब करा. मुरमावर काय, सायकलसुद्धा फोर बाय फोर वाटते.

चार वाजता डॉक्टर म्हणाले, "चला, पोळा बघायला निघू. डांबरी रस्त्यानं ना?"

"तुम्ही सगळे रस्त्यानं जा आणि मारुतीच्या पारावर थांबा," मी म्हणालो. "डॉक्टर, तुम्ही मात्र माझ्या शेजारी बसा. तुम्हाला पांदीनं नेतो. पाच मिनिटांत वेशीत!"

"सर, रस्त्यानंच गेलेलं बरं नाही का?"

"डॉक्टर, रस्त्यानं तर एसटीपण जाते!"

ही दुसरी चूक. मामांचं बोलणं आठवत नव्हतं असं नाही. पण माझा हिशेब असा होता, की बैल निघायला अजून तासभर आहे, तोवर आपण सुर्रकन निघून जाऊ. आणि मामांना फोर बाय फोर म्हणजे काय ते कुठं माहीत?

त्या पांदीबद्दल सांगायचं तर, दोन्हीकडं बाभळी आणि मध्ये काळी माती. पावसाळ्यात तिच्यात चप्पल गेली, तर ती दसऱ्याला सापडते. पहिली शंभर पावलं जीप झोकात गेली. मी डॉक्टरांना एका हातानं दाखवत होतो, ही तूर, हे सोयाबीन, ती हळद. समोर वेस दिसायला लागली, तोरण दिसायला लागलं, तोरणापलीकडं नटूनथटून उभं असलेलं गाव दिसायला लागलं. आणि पन्नास पावलं उरली असताना जीप खाली बसली.

बसली म्हणजे कशी? म्हैस बसते तशी. फक्त म्हैस पुढून बसते, ही आधी मागून, मग सगळीच.

मी आतली दांडी ओढली, पाय दाबला. मागची चाकं गरगर फिरली, चिखल बाभळीच्या शेंड्यापर्यंत उडाला, आणि जीप आणखी चार बोटं खाली गेली.

डॉक्टर हळूच म्हणाले, "सर, पुढच्या चाकांचे हब लॉक केले होते ना?"

आता हे तुम्हाला सांगायला हवं. जुन्या जीपच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध एकेक गोल खटका असतो. खाली उतरून तो हातानं फिरवला, तरच पुढची चाकं ओढायला लागतात. नाही फिरवला, तर आत बसून दांडी ओढा नाहीतर आरती करा, गाडी मागच्या दोन चाकांवरच! हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी मी 'हब' हा शब्दच पहिल्यांदा ऐकला.

"केव्हाच!" मी म्हणालो.

ही तिसरी. न कळणारं कळल्यासारखं दाखवायचं, हा आम्हा मास्तर लोकांचा जुना आजार.

आणि तेवढ्यात मागून घुंगरमाळा ऐकू आल्या.

बैल तासाभरानं निघणार, हा माझा हिशेब. मी गणिताचा मास्तर! आरशात बघतो तर काय, सगळी पांदण शिंगांनी भरलेली! रंगवलेली शिंगं, गोंडे, आरशांच्या झुली, बाशिंगं. शंभरेक बैल, मागं वळायला जागा नाही. जीपच्या बाजूनं बैल काय, वासरूसुद्धा निघालं नसतं. आणि सगळ्यांच्या पुढं मामा. पांढरंशुभ्र नवं धोतर, गुलाबी फेटा, हातात हौशाचा नवा कासरा.

मामांनी जीपकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं.

"जावईबापू," एवढंच म्हणाले.

"मामा, दोनच मिनिटं!" मी खिडकीतून डोकं काढून ओरडलो. "एक बैलजोडी लावा, आत्ता निघते बघा!"

मामांच्या मागून रंगनाथ आबा पुढं आले. हे गावातले सगळ्यात वडीलधारे, पोळ्याचा शेवटचा शब्द त्यांचा. कानाला हात लावून म्हणाले, "काय लावा?"

"बैलजोडी."

"आज?"

"हो, आत्ताच!"

"जावई, तुमी कॉलेजात शिकून राहिले का शिकवून राहिले?" आबा म्हणाले. "आज पोळा हाय. वर्सातून एक दिस बैलाच्या खांद्यावर जू ठिवत न्हाईत. अन् त्या एका दिशी त्यानं तुमची गाडी ओढायची व्हय?"

अरे देवा! शंभर बैल, आणि एकालाही हात लावायची सोय नाही! लहानपणापासून पुस्तकात वाचलेलं, शाळेत निबंधात लिहिलेलं. पोळा, बैलांच्या विश्रांतीचा दिवस. दहापैकी आठ गुण मिळवलेत मी त्यावर.

"मग ट्रॅक्टर?" मी चिरक्या आवाजात विचारलं.

"त्यालाबी सकाळीच हार घातला," मागून कोणीतरी ओरडलं. "त्याचीबी सुट्टी!"

एवढ्यात वॉकी-टॉकी खरखरला. "सर, आम्ही पारावर आहोत. तुमची जीप दिसते आहे. विंच घेऊन समोरून येतो, ओव्हर."

"तोरनाखालून?" आबा कडाडले. "मानाच्या बैलाआधी तोरनाखालून मानूस जात न्हाई, कुत्रं जात न्हाई, अन् यांची गाडी येनार? सांगा त्याह्यला, हलायचं न्हाई!"

मी सांगितलं, "हलू नका, ओव्हर." पुढून कोणी येऊ शकत नाही, मागून कोणी जाऊ शकत नाही, आणि मधे बाटलीच्या बुचासारखा मी.

मामांच्या मागं तिसऱ्या नंबरला किसनराव होते. पुढच्या वर्षीची पाळी त्यांची. त्यांनी बाभळीतून सूर्याकडं बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दिवस मावळायच्या आत तोरन तुटाया पाह्यजे. न्हाई तुटलं, तर पाळी बुडाली म्हनायची, दत्तराव. काय इलाज हाय?"

मामा हौशाच्या मानेवर हात फिरवत राहिले. अकरा वर्षं वाट बघितलेला माणूस, आणि त्याची वाट अडवली कोणी, तर स्वतःच्या जावयानं! खरं सांगतो, त्या क्षणी धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं असं वाटलं. पण त्या धरणीनं आधीच माझी जीप घेतली होती, तिच्याकडं आणखी जागा नव्हती.

मग मामांनी फेटा नीट केला आणि म्हणाले, "मानसं लावा. बैलाला सुट्टी हाय, मानसाला कुठं हाय?"

वीस-पंचवीस गडी पुढं आले. सगळे नव्या कपड्यांत! कोणी बंपरला, कोणी मागच्या फळीला खांदा लावला. मामांनी कासरा आबांकडं दिला आणि ते स्वतः लावायला आले. मी म्हणालो, "मामा, तुम्ही नका." ते म्हणाले, "तुमी गाडीकडं ध्यान द्या."

"हं, लावा जोर!"

मी पाय दाबला. मागची चाकं फिरली आणि त्या पंचवीस जणांना डोक्यापासून पायापर्यंत काळ्या मातीचा अभिषेक झाला. मामांचं धोतर, फेटा, मिशा, सगळं एकाच रंगाचं. फक्त डोळे तेवढे दिसत होते, आणि ते माझ्यावर होते.

"थोडंसं थांबा हं," म्हणत डॉक्टर खाली उतरले. पँट गुडघ्यापर्यंत घेऊन पुढच्या चाकाशी वाकले, मग दुसऱ्या चाकाशी वाकले. मला वाटलं, टायरला काटा लागला का बघत असतील. "आता लावा," म्हणाले.

"लावा जोर! आन् जावई, जोरात दाबा!"

मी दाबला. पूर्ण ताकदीनं दाबला. घेतल्यापासून आठ महिन्यांत पहिल्यांदा, हो, पहिल्यांदाच, माझ्या जीपची चारही चाकं एकदम जागी झाली! जीप अशी काही उसळली, की डॉक्टर एका उडीत बाभळीत, पंचवीस गडी पालथे चिखलात, आणि मी? मी "अयाईगंऽऽ" करत सरळ वेशीकडं!

ब्रेक का नाही लावला, असं वर्षासुद्धा विचारते. अहो, पाय माझा होता, पण तो माझं ऐकत नव्हता. समोर तोरण. टपावर लोखंडी जाळी, जाळीवर क्लबचा झेंडा. झेंड्यात तोरण अडकलं, ताणलं, ताणलं, आणि कडकन तुटलं!

वाजंत्रीवाल्यांचं काम एकच. तोरण तुटलं की वाजवायचं. कोणी तोडलं, हे बघणं त्यांच्याकडं नाही. त्यांनी हलगी, ताशा, सनई, सगळं एकदम सोडलं! बायामाणसं मुठीत ज्वारीच्या अक्षता घेऊन तासभर उभी होती, त्यांनी सवयीनं त्या फेकल्या. सगळ्या माझ्यावर! "पोळा फुटला रे फुटला!" म्हणून आरोळी उठली. आणि जीप पाराशी जाऊन थांबली ती बॉनेटवर आंब्याची पानं घेऊन.

चिखलवीरांनी टाळ्या वाजवल्या. एक जण मोबाईलवर घेत घेत म्हणाला, "सर, काय एन्ट्री! ओव्हर!"

मग हळूहळू वाजंत्री थांबली. वेशीतून मामा आले. चिखलानं भरलेले, हातात हौशाचा कासरा. हौशा झूल सावरत, मान ताठ करून उभा होता. त्याला तोडायला तोरणच नव्हतं. मामांच्या डोळ्यात पाणी होतं की चिखल, मला कळलं नाही, आणि विचारायची हिंमत नव्हती.

किसनराव म्हणाले, "तोरन गाडीनं तोडलं. गाडी काही दत्तरावच्या दावनीची न्हाई. पाळी बुडाली."

"दुसरं तोरण बांधू या ना!" मी म्हणालो. "पानं मी आणतो!"

"तोरन एकदाच बांधत असतेत," आबा म्हणाले. मग पारावर बसले, चिलीम नसलेल्या हातानं चिलीम धरल्यासारखं केलं आणि विचारात पडले. सगळं गाव त्यांच्या तोंडाकडं बघत होतं. शेवटी म्हणाले, "रीत काय हाय? तोरन ज्यानं तोडलं त्यो मानाचा बैल. आता गाडी काही आपल्या मतानं पळली न्हाई. हाकत कोन व्हतं?"

सगळ्या गावानं माझ्याकडं बघितलं.

"जावई," किसनराव म्हणाले. "पर त्यो हिंगोलीचा."

"हिंगोलीचा असंन. पर लगनाचा मांडव कोन्या दारी पडला व्हता? दत्तरावच्या. मंग त्यो दत्तरावच्याच घरचा." आबांनी मांडीवर थाप मारली. "जावई मानाचा बैल! पाळी दत्तरावची, मान दत्तरावचा. पर ध्यानात ठिवा, बैल म्हनलं की बैलाचं समदं करा लागन. अंगावर झूल, कासरा धरून वाजत घरापस्तोर, अन् उंबऱ्यावर पूजा. एकबी राहिलं, तर पाळी बुडाली."

आता बघा. पारावर डॉक्टर धरून क्लबचे चार लोक, त्यांचे चार मोबाईल. कोपऱ्यात पोळ्याला गावी आलेल्या माझ्या अकरावीच्या वर्गातल्या तीन मुली, ज्यांना मी त्याच आठवड्यात शिस्तीवर अर्धा तास बोललो होतो.

तेवढ्यात मामा म्हणाले, "न्हाई आबा. शिकले-सवरलेले हायेत ते. कॉलेजात चार लोक मान देतेत त्याह्यला. त्याह्यचं हसं नका करू. राहू द्या माही पाळी."

अकरा वर्षं थांबलेला माणूस, अंगावर माझ्याच गाडीनं उडवलेला चिखल, आणि तो माझ्या इभ्रतीची काळजी करून राहिला!

मी जीपमधून खाली उतरलो आणि म्हणालो, "झूल आणा."

गाव जे काय ओरडलं! हौशाच्या पाठीवरची झूल काढून माझ्या पाठीवर टाकली. तिचं वजन बैलालाच झेपावं असं आहे. बाशिंग माझ्या कपाळावर बांधलं, घुंगरमाळ गळ्यात घातली. कासरा गळ्यात घालायला मामा तयार होईनात, म्हणून एक टोक मी हातात धरलं आणि दुसरं त्यांच्या हातात दिलं. वाजंत्री पुढं, मग मामा, मग मी, माझ्यामागं उघड्या पाठीचा हौशा. त्याचा गरम श्वास माझ्या मानेवर येत होता. तो नाराज होता, आणि बराबर होतं त्याचं.

घराघरातून बाया बाहेर येत होत्या, माझ्या कपाळाला कुंकू लावत होत्या. एका आजीला नीट दिसत नव्हतं. तिनं माझ्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाली, "यंदा लई गुनाचं हाय गं." आणि मामा? चिखलातला तो माणूस छाती काढून असा चालत होता, की मीही पाय तालात टाकायला लागलो. एकदा तर, आता सांगूनच टाकतो, मी मान हलवून घुंगरंसुद्धा वाजवली.

दारात वर्षा ओवाळायचं ताट घेऊन उभी होती. तिनं मला बघितलं, मागच्या हौशाला बघितलं.

"अहो... हे काय?"

"मानाचा बैल हाय," मामा गंभीरपणे म्हणाले. "पूजा कर."

माझी बायको खरी मामांची लेक. दुसरा शब्द नाही! तिनं माझे पाय धुतले, कुंकू लावलं, ओवाळलं, आणि पुरणपोळी तोंडासमोर धरली.

"वर्षा, ऐक ना, झालं असं की—"

"गप खा," ती कानात म्हणाली. "बैल बोलत नसतो."

पाच खाल्ल्या. मग मला झुलीतून सोडवलं, मग हौशाची पूजा झाली, मग सगळा क्लब ओट्यावर जेवायला बसला. बाभळीच्या काट्यांनी ओरखडलेले डॉक्टर माझ्या कानाशी लागून अतिशय मऊ आवाजात म्हणाले, "सर, हब मोकळे होते. मीच फिरवले. वाईट वाटून घेऊ नका, पण आठ महिने तुमची जीप साधीच होती."

अशी ती गोष्ट. म्हणजे तेवढ्यावर संपली असती तर बरं झालं असतं.

परवा दसऱ्याला सासुरवाडीला गेलो होतो. मामांच्या बैठकीत, देवांच्या तसबिरींच्या ओळीत, एक नवी तसबीर लावलेली. काच, सोनेरी चौकट, वर झेंडूचा हार. क्लबमधल्या कोणीतरी काढून पाठवलेला फोटो. मामा कासरा धरून, त्यांच्यामागं झूल आणि बाशिंग बांधलेला मी, आणि माझ्या खांद्यावरून डोकावणारा हौशा. मी चहा घेत कोपऱ्यात बसलो होतो. रिसोडकडचे एक पाहुणे आले होते, बैलांचे मोठे पारखी. ते त्या तसबिरीसमोर बराच वेळ उभे राहिले.

"दत्तराव, यंदाचा मानाचा म्हन्ता, त्यो ह्याच्यातला कोनता? मागचा का पुढचा?"

"पुढचा," मामा म्हणाले.

"असं, असं. कुठून आनला?"

मामांनी बशीतला चहा शांतपणे संपवला, मिशा पुसल्या.

"हिंगोलीचा हाय," ते म्हणाले. "माह्या तर काही मनात भरला नव्हता. पोरीनं पसंत केला."